नेट बंद पडलं? रीसेटची कळ दाबण्याआधी हे वाचा

(देवरूख आणि आसपासच्या वाड्यांतल्या आमच्या ब्रॉडबँड ग्राहकांसाठी)

गणपतीत चाकरमानी घरी आले की आमच्या ऑफिसचा फोन दिवसभर वाजतो. तक्रार बहुतेक वेळा एकच: "वाय-फाय फुल्ल दाखवतंय, पण काही उघडतच नाही." यातल्या बऱ्याच तक्रारी फोनवरच पाच मिनिटांत मिटतात. ज्या मिटत नाहीत, त्या घरांत आम्हाला फोन करायच्या आधीच कुणीतरी नेटच्या बॉक्सच्या (राऊटरच्या) मागच्या बारीक छिद्रात पिन घातलेली असते. हे पत्रक मुख्यतः त्या पिनेसाठी छापलं आहे.

बॉक्स बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. बंद-चालू खुशाल करा. भिंतीवरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि मग पुरती तीन मिनिटं त्याला हात लावू नका. रीसेटच्या छिद्रात मात्र पिन दहा सेकंद दाबून धरली की बॉक्स कारखान्यातून आला तसा कोरा होतो. तुमच्या जोडणीचं युजरनेम, पासवर्ड, लाईनची सेटिंग, वाय-फायचं नाव, सगळं पुसलं जातं. त्याहून मोठं नुकसान म्हणजे आमच्याकडच्या बहुतेक बॉक्समध्ये आम्ही ऑफिसात बसून शिरू शकतो, ती वाटही त्याच वेळी बंद होते. जे काम फोनवर बोलता बोलता झालं असतं त्यासाठी माणूस गाडी काढून तुमच्या दारात यावा लागतो.

गेल्या वर्षी गौरी आवाहनाच्या दिवशी एका घरी मी स्वतः गेलो. बॉक्सवरचा पॉनचा (लाईन जोडली गेल्याचा) दिवा स्थिर हिरवा, एलओएसचा (लाईन तुटल्याचा) विझलेला, म्हणजे लाईन ठणठणीत. वाय-फायच्या यादीत मात्र घराच्या नावाऐवजी कारखान्याचं नाव आणि आकडे दिसत होते. सेफ्टी पिन बॉक्सवरच पडली होती. नीट विचारल्यावर कळलं, मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या फोनवर नेट चालत नव्हतं म्हणून त्याने रीसेट मारला. बिघाड त्याच्या फोनमध्ये होता, बॉक्सला काही झालंच नव्हतं. माझं काम वीस मिनिटांचं, पण त्या दिवशी दुसऱ्या वाडीत फणसाची फांदी लाईनवर पडली होती आणि आमची दोन्ही माणसं तिथे अडकली होती. आदल्या संध्याकाळपासून दुपारपर्यंत ते घर नेटशिवाय राहिलं. दुबईतल्या मुलाला सकाळची आरती दाखवायची होती, ती राहून गेली. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या फोनमध्ये काय झालं होतं ते सांगतो, कारण हाच प्रकार आता सर्रास दिसतो.

एसटी स्टँडवर उतरलेला पाहुणा रिक्षावाल्याला घराचं नाव सांगतो. तो म्हणतो, अमुक वाडी, देवळाच्या मागे. तो सांगणारा जागेवर नसेल तर रस्ता मोकळा असून आणि घर उभं असून पाहुणा स्टँडवरच उभा राहतो. इंटरनेटवर हे सांगायचं काम डीएनएस सर्व्हरचं. तुम्ही साईटचं नाव टाकता, तो तिचा आकड्यांचा पत्ता देतो. तो गप्प बसला की लॅपटॉपवर 'डीएनएस सर्व्हर इज नॉट रिस्पॉन्डिंग' असं येतं. वाय-फायच्या दांड्या पूर्ण असतात आणि पान मात्र उघडत नाही.

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ नंतरच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग आहे. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून बरेच जण व्हिडिओ बघून त्यात कुठलातरी पत्ता टाकतात आणि विसरतात. तो सर्व्हर बंद पडला की फोनचं सगळं नेट बंद, वाय-फायवरही आणि मोबाईल डेटावरही. म्हणून पहिली परीक्षा अशी करा: घरातल्या दुसऱ्या फोनवर नेट चालतंय का? चालत असेल तर बॉक्सकडे जाऊच नका. बिघडलेल्या फोनच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा. सॅमसंग असेल तर 'कनेक्शन्स' आणि त्यात 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'. तिथे प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक' करा. पुतण्याचा फोन एवढ्यानेच सुरू झाला.

विंडोजचा लॅपटॉप असेल तर स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून काळी खिडकी उघडा. तिथे पिंग लिहा, एक जागा सोडा, ८.८.८.८ लिहून एंटर मारा (अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच हवेत). 'रिप्लाय फ्रॉम ८.८.८.८' अशा ओळी आल्या, म्हणजे रस्ता चालू आहे आणि दोष बहुधा डीएनएसचा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' किंवा दुसरं काही आलं तर आम्हाला फोन करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा प्रोग्राम) असेल तर आधी तो बंद करून बघा. घरून काम करणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

आम्ही बॉक्समध्ये पहिला डीएनएस आम्हाला नेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीचा घालतो आणि दुसरा गूगलचा, ८.८.८.८. काही ग्राहक विचारतात, १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर कंपनीचा डीएनएस) का नाही? चांगला आहे, हवा असेल तर घालून देतो, पैसे नाहीत. पण डीएनएस बदलून ५० एमबीपीएसची लाईन १०० ची होत नाही. पान उघडतानाचा पहिला क्षण तेवढा कमी-जास्त होतो. शिवाय जवळचा सर्व्हर विचारला की व्हिडिओही बहुधा जवळच्या साठ्यातून येतो. आमची निवड त्यासाठी आहे.

एलओएसचा दिवा लाल असेल तर बाकी काहीच करू नका. लाईन तुटली आहे, कनेक्टर निघालाय किंवा वायर कुठेतरी मुडपली आहे. बारीक वायर कपाटामागे दाबली गेली नाही ना, एवढं बघा आणि कळवा. हिरव्या टोकाचा कनेक्टर काढून फुंकर मारू नका आणि त्याच्या टोकात डोळा घालून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो लेझर असतो.

रीसेटनंतरच्या भेटीचे आम्ही २०० रुपये घेतो, यावर काहींची नाराजी आहे. लाईन तुटली, कनेक्टर खराब झाला, आमचा बॉक्स मेला, तर एक रुपयाही घेत नाही आणि पुढेही घेणार नाही. पण एका पिनेपायी माणूस अर्धा दिवस जातो, आणि त्या वेळात ज्यांची लाईन खरोखर तुटली आहे ते ताटकळतात.

दोन गोष्टी आमच्याकडे मिळतात, गरज असेल तरच घ्या. घर जांभ्या चिऱ्याचं असेल तर ओटीवरच्या बॉक्सचं वाय-फाय दोन भिंतींपलीकडच्या माजघरात नीट पोचत नाही. तो लाईनचा दोष नाही, तिथे दुसरा राऊटर लागतो. आधी येऊन मोजून सांगतो, मोजायचे पैसे नाहीत. आणि पावसाळ्यात लाईट सारखी जात असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, बॉक्स दर वेळी बंद-चालू होत नाही.

फोन करण्याआधी बॉक्सच्या समोरच्या दिव्यांचा एक फोटो काढा आणि बिलावरच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. नेट बंद असेल तर मोबाईल डेटावरून पाठवा. सोबत लिहा, एकाच फोनवर बंद आहे की सगळ्यांच्या. पिन घातली गेली असेल तर तेही लिहा. रागावणार नाही, फक्त माणूस निघताना तुमचं युजरनेम आणि पासवर्ड सोबत घेऊन निघेल.