मोकळ्या बॅरलला गॅस-कटिंगचा टॉर्च लावताना

मार्च लागला की तो मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो: ऊन वाढलंय, टाकी फुल्ल करू नका, स्फोट होईल. खाली इंडियन ऑइलचं नाव. कंपनीने याचा जाहीर इन्कार केलेला आहे; वाहन बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कुठल्याही ऋतूत खुशाल भरा. ठिणगीशिवाय आपोआप पेट घ्यायला पेट्रोलला साधारण 250 अंशांच्या वर तापमान लागतं. कोल्हापूरचा मे कितीही तापला तरी चाळिशीच्या आसपासच घुटमळतो.

गंमत अशी, की हाच मेसेज पुढे ढकलणारा गडी उद्यमनगरातल्या वर्कशॉपात पेट्रोलचा जुना बॅरल कापायला देऊन शेजारी चहा पीत उभा असतो. "मोकळाच हाय की ओ, काय होतंय त्याला?"

काय होतं ते बघू. पेट्रोल असो, थिनर असो की डिझेल, जळते ती द्रवावरची वाफ. तीसुद्धा हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलसाठी हे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के. त्याखाली इंधन अपुरं पडतं, त्यावर ऑक्सिजन. आपल्याकडच्या हवामानात पेट्रोलच्या टाकीतल्या पोकळीत वाफ या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते, म्हणून आत जाळ धरतच नाही. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत पंपाची विजेवर चालणारी मोटर थेट टाकीत, पेट्रोलात बुडालेली असते ती उगाच नाही.

आता 200 लिटरचा मोकळा बॅरल घ्या. त्याचे 1.4 टक्के म्हणजे 2.8 लिटर वाफ. नेहमीच्या तापमानाला कुठल्याही वायूचा एक मोल (रेणू मोजायचं ठरावीक माप) साधारण 25 लिटर जागा घेतो. म्हणजे ही वाफ झाली 0.11 मोल. पेट्रोलचा रेणुभार, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, सरासरी 100 धरला तर वजन 11 ग्रॅम, आणि द्रवाच्या रूपात जेमतेम 15 मिलिलिटर! औषधाच्या बाटलीच्या झाकणात मावेल एवढं. तेवढं तर बॅरलच्या तळाच्या दुमडीतच अडकून बसतं. मिश्रण पेटलं की बंद जागेतला दाब क्षणात सात-आठ पट होऊ शकतो. बॅरलचा पत्रा त्यासाठी बनवलेलाच नसतो. झाकण किंवा तळ उडतो, आणि समोर वेल्डर असतो.

डिझेलचा बॅरल जास्त फसवा. थंड असताना त्यात पेटण्याइतकी वाफच नसते. काडी टाकून बघितली, काही झालं नाही, की माणूस निर्धास्त. मग टॉर्चने पत्रा तापतो, आतला चिकट थर वाफ होऊन उठतो आणि कापता कापता मिश्रण नेमकं पेटण्याच्या प्रमाणात येतं.

बूच उघडून उन्हात ठेवणं पुरत नाही. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड, ती तळाशीच बसून राहते. नुसतं पाणी भरलं तर पेट्रोल वर तरंगतं आणि उरलेल्या पोकळीत वाफ सोडतं. आधी साबणाच्या गरम पाण्याने किंवा स्टीमने धुवायचं, मग पाणी भरून पोकळी कमीत कमी ठेवायची, बूच उघडं ठेवायचं. अमावास्येला वर्कशॉपच्या दारात नारळ फुटतो, लिंबू-मिरची बदलते. बॅरल धुवायला मात्र कुणाला वेळ नसतो.

शरीराचंही थोडक्यात सांगतो. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची सवय अजून आहे. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा श्वासनलिकेत उतरलेला घोट जास्त वाईट. पातळ असल्याने तो फुप्फुसात झपाट्याने पसरतो आणि वायुकोश उघडे ठेवणारा आतला थर मोडतो. रॉकेल प्यालेल्या पोराला मिठाचं पाणी पाजून उलटी काढतात, तेव्हा तेच द्रव दुसऱ्यांदा श्वासनलिकेच्या तोंडाशी येतं. उलटी काढू नका, सरळ दवाखाना गाठा. पहिला खोकला थांबला म्हणून घरी बसू नका, कारण न्यूमोनियाची लक्षणं काही तासांनीही दिसू लागतात.