लस ‘लहान मुलांची’ कशी झाली?

साठी उलटलेल्या माणसाला न्यूमोनियाच्या लशीबद्दल विचारून पाहा. ‘ती तर नातवंडांची असते,’ असं उत्तर बहुतेकदा मिळतं. लस म्हणजे बाळाची, हा समज आपल्याकडे जेमतेम चार-पाच दशकांचा आहे. त्याआधी पावणेदोनशे वर्षं टोचणी मोठ्या माणसांनाही होत होती, आणि तिला विरोधही बहुतांशी मोठ्यांचाच होता.

भारतातली पहिली नोंदलेली लस मात्र लहान मुलीलाच मिळाली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. ही लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. बर्फाच्या पेट्या वगैरे काही नव्हतं. एकाच्या दंडावर आलेल्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा आणि अशी साखळी गावोगाव न्यायची. जातपात पाळणाऱ्या समाजात हे किती रुचलं असेल, वेगळं सांगायला नको. पुढे वासरांपासून काढलेली लस आली, १८८० मध्ये सक्तीचा कायदाही आला. पण तो मुख्यतः शहरं आणि छावण्यांपुरता होता. आपल्या आज्या ज्याला ‘देवी काढणं’ म्हणायच्या, ते खेड्यांत पोहोचायला फार वेळ लागला.

मोठ्यांच्या लसीकरणाची खरी कसोटी लागली ती प्लेगात. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा ताप पसरला, तेव्हा जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. भारतात त्यांनी त्याआधी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस हजारो लोकांना टोचली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैद्यांची स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. ते निर्दोष ठरायला काही वर्षं गेली. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. पंढरपूरच्या वारकऱ्यांना पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची, तोही याच परंपरेतला भाग. यात्रा, बाजार, रेल्वे, म्हणजे गर्दी जिथे मोठ्यांची, तिथे लसही मोठ्यांची.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सगळ्यांना टोचण्याचा खटाटोप करूनही साथ हटेना. मग सत्तरच्या दशकात डावपेच बदलला: रुग्ण शोधायचा आणि त्याच्या आसपासच्या सगळ्यांना, वय न बघता, लस द्यायची. रुग्ण कळवणाऱ्याला मिळणारं बक्षीस शेवटी हजार रुपयांवर गेलं. मे १९७५ मध्ये देशातले शेवटचे रुग्ण सापडले.

देवी संपली आणि इथेच वळण आलं. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम, १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम. क्षयरोग, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि गोवर हे सहा आजार मुख्यतः तान्ह्यांचे जीव घेत होते, म्हणून वेळापत्रक जन्मापासून दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांभोवती बेतलं गेलं. हे चुकीचं नव्हतं. पैसा आणि नर्सबाईंचे हात मोजकेच होते. मोठ्यांपैकी फक्त गरोदर बाई या यादीत होती, तीही मुख्यतः बाळाला धनुर्वात होऊ नये म्हणून. १९९५ पासूनच्या पल्स पोलिओ मोहिमेने हे चित्र पक्कं केलं. रविवारचं बूथ, दोन थेंब, डाव्या करंगळीवर शाईची खूण. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, पण लसीकरण हे पाच वर्षांखालच्यांचं काम, असं घराघरात ठसलं.

मोठ्यांची आठवण पुन्हा साथींनीच करून दिली. स्वाइन फ्लूने पुण्याला हादरवल्यावर महाराष्ट्राने गरोदर महिला आणि इतर जोखमीच्या लोकांसाठी फ्लूची मोफत लस सुरू केली. घटसर्पापासूनचं संरक्षण वयानुसार ओसरतं म्हणून दहा आणि सोळा वर्षांच्या मुलामुलींना आणि गरोदर बायकांना नुसत्या धनुर्वाताच्या लशीऐवजी ‘टीडी’, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची एकत्र लस, मिळू लागली. मग कोविड. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात, मग ज्येष्ठ, मग पंचेचाळिशीपुढचे, १ मेपासून अठरापुढचे. आणि बारा दिवसांत साठा अपुरा पडल्याने महाराष्ट्राला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवावं लागलं. मुलांचा क्रम इथे शेवटी आला. सरकारी यंत्रणेने एवढ्या प्रौढांची नावनिशीवार लसनोंद याआधी कधीच ठेवली नव्हती.

तरीही फ्लू, न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), नागीण या उतारवयातल्या लशी अजून बहुतांशी खासगी दवाखान्यात, स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागतात. अपवाद, तोही चमत्कारिक, बीसीजी या क्षयरोगाच्या लशीचा. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीत ती प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयावर निष्प्रभ ठरली होती, म्हणून ती तान्ह्यांपुरती उरली. तीच बीसीजी २०२४ मध्ये अभ्यासाचा भाग म्हणून निवडक जिल्ह्यांत साठीपुढचे, मधुमेही, धूम्रपान करणारे आणि क्षयरुग्णांच्या घरातले लोक यांना पुन्हा दिली गेली.