मार्सेलिसपासून रोमपर्यंत: भारत आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात का नाही

भाची लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इथेच लॉ कॉलेज रोडला रूम घेऊन राहते. रविवारी सकाळी तिचा फोन, "मामा, वादविवादाला विषय आलाय, भारताने आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात सामील व्हावं का, आणि मला विरोधी बाजू मिळालीये, पॉइंट्स दे ना." पॉइंट्स दिले नाहीत, डेक्कनला चहाला बोलावलं, कारण या विषयाचा मागचा इतिहास माहीत नसेल तर बाजूने बोला नाहीतर विरोधात, दोन्ही पोकळच वाटतं. दोन-अडीच तास बसलो. तेव्हा जे बोललो तेच जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवू. हेगमध्ये दोन वेगवेगळी कोर्टं आहेत. कुलभूषण जाधवांची केस जिथे चालली, हरीश साळवे जिथे एक रुपया फी घेऊन उभे राहिले, ते आंतरराष्ट्रीय न्यायालय, यूएनचं, तिथे देश विरुद्ध देश भांडतात. १७ जुलै २०१९ ला निकाल आला तो त्या कोर्टाचा. आपण बोलतोय ते दुसरं, फौजदारी, तिथे देश आरोपी नसतो, माणूस आरोपी असतो, मग तो सैनिक असो, सेनापती असो की राष्ट्राध्यक्ष. गुन्हे चारच: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण.

हा फरक पुणेकराला समजावायचा तर मला फर्ग्युसनपासून सुरुवात करावीशी वाटते. सावरकरांची मार्सेलिसची उडी आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, पोर्टहोलमधून उडी, पोहत किनारा गाठला आणि फ्रेंच पोलिसाने पकडून परत इंग्रजांच्या ताब्यात दिलं. गोष्ट इथवर सगळे सांगतात. पुढचं फार कमी लोक सांगतात, की फ्रान्सने म्हटलं आमच्या भूमीवर पाय ठेवलेला माणूस असा परत नेता येत नाही, आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. पाच जणांच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल दिला: पोलिसाने त्यांना ज्या पद्धतीने ताब्यात दिलं ते नियमाला धरून नव्हतं, पण ब्रिटनवर त्यांना परत करायचं बंधन नाही. संपलं. तुमचं सावरकरांबद्दलचं मत काहीही असो, त्या निकालात बघण्यासारखं हे आहे की पक्षकार दोनच होते, ब्रिटन आणि फ्रान्स. ज्याला पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती तो माणूस त्या केसमध्ये पक्षकारच नव्हता. तेव्हाचा आंतरराष्ट्रीय कायदा माणसाला ओळखतच नव्हता, ना हक्क मागणारा म्हणून, ना गुन्हेगार म्हणून.

हे बदललं दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूरेंबर्गला १९४५-४६ मध्ये नाझी नेत्यांना पहिल्यांदा सांगितलं गेलं की "मी सरकारचा हुकूम पाळला" एवढं म्हणून सुटता येणार नाही. पाठोपाठ १९४६ ते ४८ टोकियोचा खटला, अकरा देशांचे अकरा न्यायाधीश, आणि त्यात आपले राधाबिनोद पाल, कलकत्ता हायकोर्टातून गेलेले. त्यांनी एकट्याने सगळे आरोपी निर्दोष ठरवले. त्यांच्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की जपानने अत्याचार केलेच नाहीत असं पाल म्हणाले. तसं नाही, अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. त्यांचा मुद्दा असा होता की कृत्य घडलं तेव्हा जो गुन्हा कायद्यात नव्हता त्याची शिक्षा मागाहून कशी देणार, आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा न्याय करायचा पण हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्याला कोणी विचारायचं नाही, याला न्याय म्हणायचं का. आज जपानमध्ये टोकियोतल्या यासुकुनी या युद्धातल्या मृतांच्या देवळात त्यांचं स्मारक आहे आणि तिथले उजवे लोक ते आपल्या सोयीने वापरतात, ते सोडा. पण "नियम सगळ्यांना सारखे असतील तरच आम्ही येऊ" हा भारताचा सूर मला तिथपासून ऐकू येतो.

त्याच वेळी भारत दुसरंही एक काम करत होता आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळायच्या आधी, भारत, क्युबा आणि पनामा या तीन देशांनी यूएनच्या आमसभेत वंशसंहाराचा विषय आणला. ११ डिसेंबर १९४६ ला ठराव झाला, ९ डिसेंबर १९४८ ला वंशसंहारविरोधी करार झाला, भारताने तो १९५९ मध्ये मंजूर केला. त्याचं सहावं कलम म्हणतं की असा खटला गुन्हा घडला त्या देशाच्या कोर्टात चालेल, नाहीतर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात. म्हणजे कोर्टाची कल्पना तेव्हाच कागदावर होती! पाचवं कलम म्हणतं की प्रत्येक देशाने यासाठी आपला कायदा करावा. हे पाचवं कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग शीतयुद्ध आलं आणि चाळीस वर्षं काही हललं नाही. १९८९ मध्ये त्रिनिदाद-टोबॅगोसारख्या छोट्या देशाने ड्रग्जच्या तस्करीने वैतागून हा विषय परत काढला, मग युगोस्लाव्हिया आणि रवांडात जे झालं त्याने जग हादरलं, १९९३ आणि १९९४ मध्ये तेवढ्यापुरती खास न्यायाधिकरणं नेमावी लागली, आणि प्रत्येक वेळी नवं कोर्ट उभारण्यापेक्षा एक कायमचं हवं हे सगळ्यांना पटलं.

हे कायमचं कोर्ट उभारायचा करार ठरवायला रोमला परिषद भरली, १५ जून ते १७ जुलै १९९८. तारखा नीट बघा. ११ आणि १३ मे ला पोखरण झालं होतं, जग आपल्यावर चिडलेलं, निर्बंध लागलेले, आणि महिनाभरात आपलं शिष्टमंडळ रोममध्ये बसून म्हणतंय की अण्वस्त्राचा वापर हा युद्धगुन्हा म्हणून यादीत घाला! विषारी वायू यादीत आहे, विषारी शस्त्रं आहेत, मग अणुबॉम्ब का नाही? दुरुस्ती मांडली, नॉर्वेने ती विचारातच घेऊ नये असा प्रस्ताव आणला आणि तो मोठ्या बहुमताने मंजूर झाला, म्हणजे आपल्या दुरुस्तीवर मतदानही झालं नाही. दहशतवाद हा गुन्हा यादीत हवा होता, तेही झालं नाही.

पण सगळ्यात मोठा आक्षेप होता सुरक्षा परिषदेवर. रोम करारानुसार सुरक्षा परिषद कोणतंही प्रकरण कोर्टाकडे पाठवू शकते, सदस्य नसलेल्या देशाचंही, आणि चालू चौकशी एक वर्षासाठी थांबवूही शकते, परत परत. आता त्या परिषदेत व्हेटो असलेले पाच देश, त्यातले अमेरिका, रशिया, चीन स्वतः या कोर्टाचे सदस्य नाहीत, म्हणजे स्वतः बाहेर उभं राहून दुसऱ्याला आत ढकलायचा अधिकार. आपले प्रतिनिधी दिलीप लाहिरी यांनी तिथे हे स्पष्ट मांडलं. शेवटी मतदान झालं, १२० बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ. भारत तटस्थ. विरोधात मत दिलं असा समज आहे, तो चुकीचा.

आता जे आक्षेप फारसे ठळकपणे बोलले जात नाहीत ते. देशांतर्गत सशस्त्र संघर्षातले गुन्हे कोर्टाच्या कक्षेत नकोत असंही भारताचं म्हणणं होतं, आणि कोर्टाच्या प्रॉसिक्युटरने स्वतःहून चौकशी सुरू करावी हेही नको होतं. काश्मीर, ईशान्य भारत, तेव्हाचा काळ आठवा म्हणजे कारण कळतं. भाचीला हेच सांगितलं, की विरोधी बाजू मांडताना सुरक्षा परिषदेचा मुद्दा घे, तो भक्कम आहे, पण समोरचा हा दुसरा मुद्दा काढणार, तेव्हा गप्प बसायची वेळ येऊ नये.

करार १ जुलै २००२ पासून लागू झाला. त्या तारखेच्या आधीचं काहीही हे कोर्ट बघू शकत नाही. त्यामुळे भारत उद्या सामील झाला तरी १९८४ च्या शीखविरोधी दंगली किंवा मुंबईच्या दंगली किंवा २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमधलं गुजरात तिथे जाणार नाही, बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघंही यात चुकतात. शिवाय देशातलं कोर्ट खरोखर काम करत असेल तर हेगने हात घालायचा नाही हा मूळ नियम आहे.

त्याच वर्षी, २६ डिसेंबर २००२ ला, आपण अमेरिकेशी करार केला की एकमेकांची माणसं या कोर्टाला द्यायची नाहीत. आणि २०११ मध्ये आपण सुरक्षा परिषदेत तात्पुरते सदस्य असताना लिबियाचं प्रकरण कोर्टाकडे पाठवायच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. ज्या अधिकाराला रोममध्ये आक्षेप घेतला तोच अधिकार वापरायला हात वर केला. त्या वेळी आपल्या प्रतिनिधीने नाराजी नोंदवली हे खरं, तरी मला ते पटलेलं नाही.

बाहेर राहण्याचे व्यवहारातले फायदे दिसतात. सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर, त्यांच्यावर या कोर्टाचं वॉरंट होतं, ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत आले आणि परत गेले. पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं, त्याच ऑगस्टमध्ये ब्रिक्ससाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले नाहीत कारण तो देश सदस्य आहे, डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत मात्र आले. पण बाहेर राहिलं म्हणजे पूर्ण सुटलो असंही नाही. म्यानमार सदस्य नाही, तरी २०१८ मध्ये कोर्टाने म्हटलं की रोहिंग्यांना हाकलण्याचा गुन्हा बांगलादेशच्या हद्दीत पुरा झाला, बांगलादेश २०१० पासून सदस्य आहे, म्हणून आम्हाला अधिकार आहे. आपल्या शेजारी बांगलादेश, अफगाणिस्तान, मालदीव, तिघंही सदस्य आहेत. आणि आत जाऊन बाहेर पडलं तरी हिशोब मिटत नाही, फिलिपिन्स २०१९ मध्ये बाहेर पडला, पण सदस्य असतानाच्या काळासाठी मार्च २०२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंना मनिलात पकडून हेगला नेलंच.

"मग तुझं मत काय, मामा?" असं तिने शेवटी विचारलंच. सुरक्षा परिषदेचा आक्षेप मला आजही खरा वाटतो. सीरियाचं प्रकरण २०१४ मध्ये रशिया आणि चीनने व्हेटो करून अडवलं, लिबियाचं गेलं, यात कुठला नियम? पण सही करा नाहीतर नका करू, त्या पाचव्या कलमाचं काय? डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने काँग्रेसचा माजी खासदार सज्जन कुमारला १९८४ साठी जन्मठेप दिली, चौतीस वर्षांनी, आणि त्या निकालात लिहिलं की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीतच, ही पळवाट तातडीने बंद करायला हवी. १९९३ ची मुंबईही त्या निकालात नावाने आहे. आमची कोर्टं आहेत, हेगची गरज नाही असं म्हणायचं तर त्या कोर्टाच्या हातात कलम तरी पाहिजे ना.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. संघटित गुन्हेगारी आली, दहशतवादी कृत्य आलं, झुंडीने केलेला खून आला. भाचीने तिथेच टेबलावर मोबाईलमध्ये ३५८ कलमं वर-खाली करून शोधलं. वंशसंहार कुठेच नव्हता.