क्लिपच्या आधी एक टाका होता

हल्ली घरात कुणाचा टूडी एको झाला आणि रिपोर्टात 'सिव्हिअर एमआर' आलं की फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लगेच लिहितं, आता छाती न उघडता मांडीतून क्लिप लावतात म्हणे, ऑपरेशन कशाला. लावतात, खरं आहे. पण ती क्लिप आली कुठून हे माहीत असलं ना, की ती कुणाला चालेल आणि कुणाला नाही याचा डॉक्टर एवढा विचार का करतात ते कळतं, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

एमआर म्हणजे मायट्रल झडप लीक. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये ही झडप असते, तिला दोन पडदे, खालचा कप्पा आवळला की ते घट्ट मिटायला हवेत म्हणजे सगळं रक्त पुढे महाधमनीत जातं. नाही मिटले तर काही रक्त उलटं वर जातं, दाब फुप्फुसांपर्यंत पोचतो, मग जिना चढताना धाप, रात्री आडवं झालं की दम.

सर्जन लोकांनी पहिल्यांदा हात घातला तो मात्र अरुंद झडपेला, लीकला नाही. 1925 ला लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी केली, मग 1948 ला अमेरिकेत बेली आणि हार्कन यांनी तसलं काम पुढे नेलं. पण बोटाने चिकटलेलं सुटं करता येतं, सैल पडलेलं आवळता येत नाही, त्यासाठी झडप डोळ्यांसमोर हवी आणि हृदय थांबवायला हवं. ती सोय झाली 1953 मध्ये, जॉन गिबन यांच्या हार्ट-लंग मशीनमुळे, आणि 1957 ला मिनियापोलिसमध्ये लिलेहाय यांनी हृदय उघडून लीक झडप टाके घालून आवळली.

तरी पुढची बरीच वर्षं जोर राहिला बदलण्यावर. 1960 ला पोर्टलंडमध्ये आल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या बॉलची कृत्रिम झडप मायट्रलच्या जागी बसवली. एडवर्ड्स हे डॉक्टर नव्हतेच, रिटायर झालेले इंजिनिअर, आख्खं कृत्रिम हृदय बनवायचं असं ठरवून आलेले, स्टार म्हणाले आधी झडपेपासून सुरू करू. माणसं वाचली, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची झाली.

आपलीच झडप दुरुस्त करून वापरायची हे पद्धतशीर बसवलं पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी. त्यांनी आधी प्रश्न विचारला की लीक नेमकी कशाने होतेय, झडपेचा घेर पसरलाय, पडदा जास्त हलतोय का कमी हलतोय, आणि प्रत्येकाला वेगळा इलाज. फाटका भाग कापून शिवायचा आणि घेराला रिंग बसवायची, कारण घेर परत पसरला की शिवण कितीही चांगली असो, लीक परत येते. 1983 ला त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम हेच.

आणि मग तो टाका. इटलीत ओत्तावियो अल्फिएरी यांना दुसऱ्याच कारणासाठी चाललेल्या ऑपरेशनमध्ये जन्मतःच दोन तोंडांची मायट्रल झडप दिसली, आणि ती अजिबात लीक नव्हती. त्यावरून 1991 ला त्यांनी एका पेशंटच्या दोन्ही पडद्यांच्या कडा मधोमध, जिथून लीक होती तिथेच, एकमेकींना शिवून टाकल्या. झडपेला दोन तोंडं झाली, रक्त दोन्हींतून खाली उतरतं आणि वर येताना अडतं. बऱ्याच सर्जनना हे पटायला वेळ लागला, एवढं सोपं कसं काय.

पण सोपं होतं म्हणूनच ते कॅथेटरने करता येईल असं कॅलिफोर्नियाच्या फ्रेडरिक सेंट गोर यांना वाटलं. मांडीच्या शिरेतून वर जायचं, दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा टोचून डावीकडे यायचं, अन्ननलिकेतून एको लावून बघत बघत क्लिपच्या दोन हातांत झडपेचे दोन्ही पडदे पकडायचे. लीक कमी झाली नाही तर क्लिप उघडून परत पकडायची, हृदय मात्र चालूच. 2003 ला व्हेनेझुएलात काराकासला माणसात पहिल्यांदा केलं, 2013 ला अमेरिकेत परवानगी मिळाली, तीही ऑपरेशनचा धोका फार आहे अशांनाच.

का तेवढ्यांनाच? कारण क्लिपमध्ये अल्फिएरींचा टाका आला पण कार्पांतिएंची रिंग आली नाही. 2011 ला 279 पेशंटचा एव्हरेस्ट टू अभ्यास आला, त्यात क्लिप जास्त सुरक्षित ठरली, पण वर्षभरात झडपेसाठी ऑपरेशन करावं लागलं क्लिपवाल्यांत 20 टक्क्यांना, आणि क्लिपऐवजी थेट ऑपरेशन केलेल्यांत परत करावं लागलं 2 टक्क्यांच्या आसपास. म्हणून पडदाच खराब आहे आणि तब्येत ठणठणीत आहे अशा माणसाला अनुभवी सर्जनकडे रिपेअर करून घ्या असं सांगतात तेव्हा ते जुनाट मत नसतं.

लीकचा दुसरा प्रकार म्हणजे झडप ठीक, पण हृदयच मोठं झाल्याने पडदे ओढले जातात. इथे 2018 ला दोन अभ्यास आले, फ्रान्सच्या मित्रा-एफआरमध्ये क्लिपने काहीच फरक दिसला नाही आणि अमेरिकेतल्या कोॲप्टमध्ये दोन वर्षांतले मृत्यू नुसत्या औषधांवर 46 टक्के होते ते क्लिप लावलेल्यांत 29 टक्के. कोॲप्टवाल्यांनी आधी औषधं पूर्ण डोसला नेली होती, आणि त्यांच्या पेशंटची लीक जास्त, हृदय त्या मानाने कमी पसरलेलं, एवढा फरक पुरला असं बरेच जण मानतात. म्हणजे क्लिप कधी लावतोय हे क्लिपइतकंच महत्त्वाचं.

आपल्याकडे तर अजून एक गोष्ट आडवी येते, लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या तापाने, खराब झालेल्या झडपा. पडदे जाड, आखडलेले, कडा चिकटलेल्या, बऱ्याचदा लीक आणि अरुंद दोन्ही एकदम, आणि क्लिप तर तोंड आणखी लहान करते. रिपेअरही अवघड जातं म्हणून अशांची झडप बऱ्याचदा बदलावी लागते, त्यासाठीच तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमने परवडेल अशी चित्रा झडप बनवली आणि डिसेंबर 1990 ला पहिल्यांदा बसवली. अल्फिएरींच्या त्या टाक्याच्या जेमतेम एक वर्ष आधी.