पट्टी एक्सेलमध्ये सरळ, मेलमध्ये वाकडी का होते?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लातूरच्या बाजारातली बरीच आडत दुकानं आता पट्ट्या (शेतकऱ्याच्या माल-विक्रीचा हिशेब), येणे-बाकीच्या याद्या, मालाची स्टेटमेंटं एक्सेलमध्ये करतात आणि मेलने पाठवतात. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक वाढली की आमच्याकडे एकच तक्रार येते. "इथं बघा, एकदम नीट आहे. पण पार्टीचा फोन आला, काहीच समजंना म्हणून." कट्टे भावाच्या खाली गेलेले, हमालीचा आकडा तोलाईच्या जागी, आणि निव्वळ रक्कम भलत्याच शेतकऱ्याच्या नावापुढे. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा छापून द्यावं, म्हणून हा कागद.

घोळ कुठे होतो

तुम्ही कॉपी करता तेव्हा एक्सेल तोच मजकूर क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेत) एकाच वेळी वेगवेगळ्या रूपांत ठेवतं. एक रूप नुसत्या अक्षरांचं, दोन कॉलमांमध्ये टॅबची जागा सोडलेलं. दुसरं एचटीएमएलचं, म्हणजे वेब पानावर असतो तसा रेघा-रंगांसकट तक्ता. तिसरं चित्राचं. पेस्ट करताना मेलचा प्रोग्रॅम यातलं आपल्याला चालेल ते उचलतो. त्याने नुसती अक्षरं उचलली तर कॉलम धरून ठेवायला काहीच उरत नाही. 'उषा' लवकर संपते, 'ज्ञानेश्वर' लांब जातो, आणि पुढचे आकडे मिळेल तिथे थांबतात. तुमची फाईल बिघडलेली नसते, ती शंका आधी मनातून काढून टाका.

जीमेल वापरत असाल तर

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण अगदी छोटं आहे. मेल लिहायच्या खिडकीत खाली तीन ठिपके असतात. त्यात 'प्लेन टेक्स्ट मोड' नावाचा पर्याय आहे. त्यावर बरोबरची खूण असेल तर तुम्ही कितीही सुबक तक्ता आणा, जीमेल त्याची अक्षरंच घेणार. शिवाय ही खूण एकदा लागली की पुढच्या मेललाही तशीच राहते. दुकानातल्या पोराने चार महिन्यांपूर्वी चुकून दाबलेलं असतं आणि दोष एक्सेलला मिळतो. ती खूण काढा, तक्ता पुन्हा कॉपी करा आणि कंट्रोल-व्ही दाबा. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबू नका, ते मुद्दाम फॉरमॅटिंग काढून पेस्ट करण्यासाठीच आहे.

कॉपी आणि पेस्ट यांच्या मधे एक्सेलमध्ये काही टाईप करू नका. निवडलेल्या भागाभोवती मुंग्या चालल्यासारखी तुटक रेघ फिरत असते. ती थांबली की कॉपी गेली असं समजा.

आऊटलुक असेल तर

जुन्या आऊटलुकमध्ये मेल लिहिताना वर 'फॉरमॅट टेक्स्ट' हा टॅब दिसतो. तिथे 'एचटीएमएल' निवडलेलं हवं. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समोरून आलेला मेल साध्या मजकुरात असेल तर त्याला दिलेलं उत्तरही साध्या मजकुरातच उघडतं. नवीन मेलमध्ये तक्ता छान बसतो, उत्तरात मात्र विस्कटतो, त्याचं कारण हे.

पेस्ट केल्यावर तक्त्याच्या कोपऱ्यात छोटं चिन्ह येतं. त्यातलं 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडा, म्हणजे एक्सेलमधले रंग आणि अक्षरांचा आकार कायम राहतो. 'लिंक'चे पर्याय टाळा. ती लिंक तुमच्या संगणकावरच्या फाईलकडे बोट दाखवते, आणि पार्टीच्या संगणकावर ती फाईल नसते.

रेघा गेल्या कुठे

एक्सेलमध्ये दिसणाऱ्या फिकट राखाडी रेघा फक्त पडद्यावरच्या असतात. मेलमध्ये त्या येत नाहीत. रेघा हव्या असतील तर कॉपी करण्याआधी तक्ता निवडून 'ऑल बॉर्डर्स' लावा. कॉलम अरुंद असल्यामुळे जिथे आकड्याऐवजी ##### दिसतंय, तिथे मेलमध्येही ##### च जाईल. दोन कॉलमांच्या मधल्या रेघेवर डबल क्लिक केलं की कॉलम पुरेसा रुंद होतो.

लपवलेले कॉलम: हे जरूर वाचा

ही चूक आमच्याच हातून झालेली आहे, म्हणून थोडं सविस्तर. एका ग्राहकासाठी आम्ही दरपत्रक केलं. त्यात खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव शेजारी शेजारी होते. खरेदीचा कॉलम 'हाईड' केला, फाईल मेलला जोडली, पाठवली. समोरच्याने 'अनहाईड' केलं. पुढे भावावरून काय घासाघीस झाली ते सांगत नाही, पण त्या ग्राहकाने दोन महिने आमच्याकडचा चहा घेतला नाही.

हाताने लपवलेल्या ओळी-कॉलम कॉपी करतानाही सोबत येऊ शकतात. दिसतंय तेवढंच न्यायचं असेल तर भाग निवडून आल्ट आणि अर्धविरामाचं बटण एकत्र दाबा आणि मग कॉपी करा. फिल्टर लावून गाळलेल्या ओळी मात्र कॉपीत येत नाहीत. पूर्ण फाईल जोडायची असेल तर लपवणं पुरेसं नाही. नवीन फाईल उघडा, लागणारे कॉलम 'पेस्ट व्हॅल्यूज'ने (म्हणजे सूत्रं सोडून नुसते आकडे) त्यात न्या आणि तीच पाठवा.

मराठी नावं उलटसुलट दिसतात

मेल उघडल्यावर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर नावं शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना वरून मराठी रूप देतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की रूप उतरतं. यावर कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, टाईप करणं. विंडोजमधले मंगल आणि निर्मला हे फॉन्ट युनिकोडचेच आहेत. जुनी यादी मोठी असेल तर आमच्याकडे आणा, बदलून देऊ. पण जोडाक्षरं तुम्ही स्वतः एकदा वाचून घ्या. घाई असेल तर पीडीएफ करून पाठवा, त्यात फॉन्ट सोबत जातो.

सातबारा, गट नंबर आणि बँक खाती

एक्सेलमध्ये इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाईप केलं की ती तारीख होते, आपल्याकडच्या सेटिंगमध्ये ७ डिसेंबर. गट नंबर १२/३ चा १२ मार्च होतो. नंतर त्या सेलचं (चौकटीचं) फॉरमॅट 'टेक्स्ट' केलं तरी मूळ परत येत नाही, पाच आकडी संख्या दिसते. ७ डिसेंबर २०२५ असेल तर ४५९९८, कारण एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजून ठेवतं. त्यामुळे आधी कॉलम 'टेक्स्ट' करा आणि मग टाईप करा.

खाते क्रमांकाचंही तसंच. सुरुवातीचे शून्य गळतात, बाराव्या आकड्यापासून संख्या १.२३ई+११ अशी दिसू लागते, आणि पंधरा आकड्यांच्या पुढचे आकडे शून्य होऊन कायमचे जातात. तुम्ही नीट पाठवलं, पण पार्टीने मेलमधला तक्ता उचलून आपल्या एक्सेलमध्ये टाकला, तर हाच गोंधळ तिकडे होतो. पैसे ज्या यादीवरून वळते होणार आहेत ती यादी मेलच्या पोटात पेस्ट करू नका. एक्सेल फाईलच जोडा.

मग कधी काय पाठवायचं

आमचं मत विचाराल तर पंधरा-वीस ओळी आणि पाच-सहा कॉलमपर्यंतच तक्ता मेलमध्ये घाला. बहुतेक लोक मेल फोनवर उघडतात, आणि बारा कॉलमची पट्टी तिथे एक तर कडेला कापली जाते किंवा तिळाएवढी होते. एक्सेलमधून आलेला तक्ता दिसतो त्यापेक्षा वजनालाही जड असतो. मेलचा मजकूर १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो कापून खाली 'पूर्ण मेल पाहा' अशी लिंक देतं, आणि एकूण बेरीज नेमकी शेवटी असते.

समोरच्याने फक्त वाचायचं किंवा सही करायची असेल तर पीडीएफ. छापाईच्या सेटिंगमध्ये पान आडवं करा आणि 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज' निवडा, नाहीतर शेवटचा कॉलम एकटाच दुसऱ्या पानावर जाऊन बसतो. समोरच्याने आकडेमोड करायची असेल तर एक्सेल फाईल, कारण मेलमध्ये पेस्ट केलेल्या तक्त्यात सूत्रं जात नाहीत, नुसते आकडे जातात.

'कॉपी ॲज पिक्चर' करून चित्रही पाठवता येतं. ते विस्कटत नाही हे खरं, पण त्यातला आकडा कॉपी करता येत नाही, शोधता येत नाही, आणि काही मेल प्रोग्रॅम परवानगी दिल्याशिवाय चित्र उघडत नाहीत. आम्ही ते क्वचितच सुचवतो.

फोनवरच्या एक्सेलमधून फोनवरच्या मेलमध्ये तक्ता पेस्ट करण्याच्या नादी लागू नका. पीडीएफ करा आणि जोडा.

महत्त्वाचा मेल आधी स्वतःलाच पाठवून फोनवर उघडून बघा. तरीही विस्कटलाच, तर तो मेल आम्हाला फॉरवर्ड करा आणि सोबत मूळ एक्सेल फाईल जोडा. पडद्याचा मोबाईलवर काढलेला फोटो आणू नका. तक्ता विस्कटलाय एवढंच त्यातून कळतं, मेल कोणत्या फॉरमॅटमध्ये गेला ते कळत नाही.