छातीवर बसलेल्या हल्लेखोराला उलटवताना

कुस्तीत पाठ मातीला टेकली की निकाल लागतो. रस्त्यावर मात्र खरा मार तिथून पुढे सुरू होतो. वरचा छातीवर मांड ठोकून ठोसे लगावतो. जिउ-जित्सूत, म्हणजे जमिनीवरच्या झटापटीच्या खेळात, या स्थितीला माउंट म्हणतात. स्पर्धेत ती मिळवली की 4 गुण मिळतात, पण ठोशांना बंदी असते. त्यामुळे निव्वळ स्पर्धेचा सराव केलेला खेळाडू खाली पडूनही निवांत राहतो. त्याची हीच सवय बाहेर घातक ठरते.

ठोशाला वेग घ्यायला अंतर लागतं. खाली अडकलेल्याला दूर जाता येत नाही, म्हणून त्याने चिकटायचं. कोपरं बरगड्यांना लावा आणि टाचा जमतील तितक्या नितंबांजवळ ओढा. मग कंबर झटक्याने वर उडवा. तोल सावरायला वरच्याचे हात जमिनीवर टेकतात. त्याच क्षणी त्याच्या कमरेला मिठी मारून कान त्याच्या छातीला चिकटवा. त्याला लांबून ठोसा मारता येणार नाही. हात ताणून त्याला ढकलू मात्र नका. दंड लगेच थकतात, चेहरा उघडा पडतो आणि जाणकाराला तर कोपर मोडायला आयता हात मिळतो.

आता उलटवणं. त्याने टेकवलेला उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला असेल. त्याला कोपराच्या वरून डाव्या हाताचा विळखा घालून तो छातीशी आवळा. डावं पाऊल त्याच्या उजव्या घोट्याबाहेर अडकवा. मग कंबर वर, आणि नजर डाव्या खांद्यावरून मागे.

वरच्याचं वजन 80 किलो असलं तरी ते उचलायचं नसतं. त्याचा गुरुत्वमध्य हात, गुडघे आणि पावलं यांनी व्यापलेल्या आधाराच्या कडेबाहेर गेला की तो आपोआप पडतो. उजवा हात-पाय अडकल्यामुळे त्या बाजूला नवा टेकू देता येत नाही. शिवाय इथे जोर लागतो तो मांड्या आणि नितंबांचा, म्हणजे शरीरातल्या सर्वात मोठ्या स्नायूंचा.

फसगत बहुधा तीन ठिकाणी होते. कंबर सरळ वर उचलली तर वरचा फक्त हिंदकळतो आणि पुन्हा बसतो. पाऊल मोकळं राहिलं तर तो पाय फाकवून टेकू घेतो. सर्वात वाईट म्हणजे कंबर न उचलताच कुशीवर वळणं: पाठ त्याच्या ताब्यात जाते, मागून गळ्याभोवती हात येतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण 10 सेकंदांत शुद्ध हरपते.

कुस्तीगिरांनी एक लक्षात ठेवावं: आखाड्यातला ब्रिज, म्हणजे कंबर उचलून केलेली शरीराची कमान, डोक्यावर आणि मानेवर तोलतात, हा खांद्यावर. काँक्रीटवर तो फरक मानेला कळतो.

डाव बसला की जोडीदाराला बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घालून हलके ठोसे मारायला सांगा. दोन्ही बाजूंनी, 30-30 सेकंद. उलटवल्यावर तुम्ही त्याच्या पायांमध्ये येता. स्पर्धेत इथून गुणांची झटापट चालते. इथे त्याचे पाय बाजूला सारून उठायचं, हात चेहऱ्यासमोर ठेवून चार पावलं मागे सरकायचं, मगच फेरी संपली असं धरायचं. पडलेल्याला मारत बसलात तर कायदाही पाठीशी राहत नाही: भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही.