पार्श्वभूमी : बामाको-पॅरिस वाटेवरचे संगीत

मालीचा कोरावादक आणि फ्रान्सचा चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले मोठे, खर्जाचे वाद्य) यांची २००९ मध्ये आलेली ध्वनिमुद्रिका दोन देशांच्या सांगीतिक मैत्रीचा नमुना म्हणून नेहमी पुढे केली जाते, आणि तो मान तिला शोभतोही. मात्र २०२३ पासून या मैत्रीची चर्चा निघते ती बहुतेक व्हिसाच्या निमित्ताने. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या नाट्यगृहांना आणि कलाकेंद्रांना एक पत्र गेले : माली, नायजर आणि बुर्किना फासोसोबतचे सहकार्य थांबवा. त्याने एवढे काहूर का माजले हे कळायला या वाटेवर आजवर कोण, कसे आणि कुठल्या दिशेने गेले ते पाहावे लागते.

फार मागे जायचे कारण नाही. कोरा म्हणजे मोठ्या भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर गाईचे कातडे ताणून, लांब दांडा बसवून बांधलेले २१ तारांचे वाद्य. आजच्या गिनी-बिसाऊ, सेनेगलचा कासामान्स हा भाग आणि गांबिया या पट्ट्यात पसरलेल्या काबू राज्यात ते घडले असे मानतात. ते पिढीजात वाजवणारी घराणी म्हणजे जेली. वंशावळ राखणारा भाट आणि पराक्रम गाणारा शाहीर एकाच घरात नांदावेत तसे हे लोक. मुलगा वडिलांच्या शेजारी बसून शिकतो, लिहिलेले काही नसते. वसाहतीच्या काळाबद्दल इथे एवढेच की फ्रेंच राजवटीत या प्रदेशाचे नाव फ्रेंच सुदान होते आणि २२ सप्टेंबर १९६० रोजी माली स्वतंत्र झाला.

नव्या सरकारने पारंपरिक वाद्यांचा राष्ट्रीय ताफा उभा केला. त्यातल्या दोन कोरावादकांची, गांबियाकडून आलेली कुटुंबे मालीच्या राजधानीत, बामाकोत, शेजारी-शेजारी राहत होती. दोघे १९७० मध्ये कोराच्या वाद्यसंगीताच्या एका ध्वनिमुद्रिकेत वाजले. १९९७ मध्ये त्यांच्या मुलांनी बामाकोतच एका रात्री द्वंद्ववादन मुद्रित करून वडिलांना जणू जबाब दिला. चेलोसोबत वाजवणारा कोरावादक या दोन मुलांपैकी एक. वडील लवकर गेले आणि वयाच्या तेराव्या वर्षी राष्ट्रीय ताफ्यातली त्यांची जागा त्याने घेतली. म्हणून त्याला ‘फ्यूजनचा कलाकार’ म्हणणे मला पटत नाही. तो चेलोपाशी आला तेव्हा त्याची घडण कधीच पूर्ण झाली होती.

मधल्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकात, सगळी वाहतूक पॅरिसच्या दिशेने होती. १९८१ मध्ये फ्रान्समध्ये सत्ता बदलली, परदेशी नागरिकांना संस्था काढण्यावरची बंधने उठली, खासगी रेडिओ केंद्रांना मोकळीक मिळाली आणि पॅरिसच्या स्टुडिओंत आफ्रिकी गायकांची रांग लागली. मालीच्या सर्वांत गाजलेल्या आवाजाची १९८७ ची ‘सोरो’ ही ध्वनिमुद्रिका याच लाटेतली. गायक पश्चिम आफ्रिकेतल्या मांडे लोकांच्या परंपरेतला, निर्माता सेनेगलचा, संयोजक आणि कीबोर्डवादक फ्रेंच. ती ध्वनिमुद्रिका जगभर पोचली. तिच्यावर तेव्हापासून एक आक्षेपही आहे, की सिंथेसायझरने मालीचा पोत झाकला. आक्षेप घेणारे बहुतेक युरोपातले होते हे विसरू नये. बामाकोत विजेची गिटार आणि ट्रम्पेट वाजवणारे वाद्यवृंद सत्तरच्या दशकातच होते, त्यामुळे तिथल्या श्रोत्यांना यंत्राचे वावडे नव्हते. तांत्रिक अडचण मात्र खरी होती. कीबोर्डचे सूर आधीच बांधलेले. त्याच्यासोबत वाजवायचे तर कोरानेच तारा ओढून-ढिल्या करून त्याच्या सुरांशी जुळवून घ्यायचे. पाहुणचाराचा सगळा भार पाहुण्यावर.

याच दशकात सरहद्दीही आवळल्या गेल्या. १९८६ मधल्या बॉम्बस्फोटांनंतर फ्रान्सने आफ्रिकी देशांसह बहुतेक परदेशी नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. त्याच ऑक्टोबरमध्ये मालीच्या १०१ नागरिकांना एका खास विमानात बसवून बामाकोला परत पाठवले. ‘सोरो’च्याच गायकाने १९८९ मध्ये ‘आम्ही हलणार नाही’ अशा अर्थाचे गाणे केले ते या पार्श्वभूमीवर. १९९४ च्या कायद्याने रेडिओवर ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली असण्याची अट आणली. तिचा हेतू इंग्रजीला आवरण्याचा होता, पण पॅरिसमध्ये घडलेले, मालीच्या बाम्बारा भाषेतले गाणे त्या ४० टक्क्यांत बसत नाही, आणि शब्दच नसलेले संगीत तर नाहीच.

या सगळ्यावर २००९ च्या ध्वनिमुद्रिकेने काय वेगळे केले? दिशा उलटी केली. चेलोवादक, फ्रान्सच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकलेला, बामाकोला गेला. तिथल्याच एका गायकाच्या स्टुडिओत, रात्रीच्या वेळी, दोघे समोरासमोर बसून वाजले. नंतर वेगळे मुद्रण करून वरून थर चढवले नाहीत. चेलोला पडदे नाहीत. डाव्या हाताचे बोट केसभर सरकवले की कोराच्या सुरात शिरता येते, म्हणून इथे जुळवून घेण्याचे काम चेलोने केले. चेलोवादक बराच वेळ गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडतो, खर्जात आवर्तन धरून ठेवतो आणि कोराला मोकळे सोडतो. सवाल-जवाबाची चढाओढ शोधणाऱ्याला यात काही सापडणार नाही. मला ही या वाटेवरची सर्वांत मोठी गोष्ट वाटते, ‘सोरो’पेक्षाही मोठी.

दुसरी ध्वनिमुद्रिका २०१५ मध्ये आली. तिचा एक भाग बामाकोतल्या घराच्या गच्चीवर रात्री मुद्रित झाला आहे आणि वस्तीचे आवाज तसेच ठेवले आहेत. मधल्या काळात मालीवर काय ओढवले होते ते वाचकांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये उत्तरेत सशस्त्र गटांनी संगीतावर बंदी घातली आणि जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच सैन्य उतरले. २०१७ मध्ये फ्रान्सच्या एका लोकप्रिय रॉक गायकाने बामाकोच्या कोरावादक बाप-लेकासोबत मोठा प्रकल्प केला. मार्च २०२३ मध्ये आपल्या जोडीने सॅक्सोफोन आणि अकॉर्डियनवाले दोघे सोबत घेऊन चौघांची ध्वनिमुद्रिका आणली. सहाच महिन्यांनी ते पत्र निघाले.

तोवर राजकारण पार बिघडले होते. मालीत ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ मध्ये लष्कराने सत्ता उलथली, २०२२ मध्ये बुर्किना फासोत दोनदा, आणि २६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये. जानेवारी २०२२ मध्ये बामाकोने फ्रेंच राजदूताला हाकलले आणि ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्य माली सोडून गेले. फ्रान्सने मालीची विकास-मदत थांबवली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये मालीच्या लष्करी सरकारने फ्रेंच पैशावर चालणाऱ्या बिगरसरकारी संस्थांचे कामच बंद केले. दार दोन्ही बाजूंनी लोटले जात होते आणि याची जबाबदारी एकट्या पॅरिसची नाही, हे मान्य करायलाच हवे.

पण पत्राची गोष्ट वेगळी आहे. ते संस्कृती मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयांकडून गेले आणि सूचना परराष्ट्र खात्याची असल्याचे त्यात म्हटले होते. माली, नायजर आणि बुर्किना फासो या तीन देशांसोबतचे सगळे सहकार्य ताबडतोब आणि विनाअपवाद थांबवा, असा आदेश होता. या देशांतल्या संस्थांसोबत नाही, त्यांच्या नागरिकांसोबतही नाही. आर्थिक साहाय्य बंद, निमंत्रणे बंद. नाट्यगृहांच्या आणि कलाकेंद्रांच्या संघटनेने ते लगेच जाहीर करून टाकले. त्यांचा मुद्दा सरळ होता. रशियाबाबत किंवा चीनबाबत सरकारी संबंध कितीही ताणले गेले तरी कलावंतांच्या ये-जा करण्यावर अशी सरसकट बंदी कधी आली नव्हती. मग याच तीन देशांच्या वाट्याला ती का?

एक-दोन दिवसांत सूर बदलला. संस्कृतीमंत्र्यांनी सांगितले की कलावंतांवर बहिष्कार घालण्याचा प्रश्नच नाही, फ्रान्स तसे करत नाही. राष्ट्राध्यक्षही तेच बोलले. खुलासा असा आला : ज्यांच्याकडे व्हिसा आधीच आहे आणि जे फ्रान्समध्ये किंवा अन्य देशांत राहतात, त्यांना अडचण नाही. ऑगस्टपासून सुरक्षेच्या कारणाने या तीन देशांतली व्हिसा-सेवा बंद आहे, म्हणून नवे व्हिसा देता येत नाहीत, एवढेच.

हे ‘एवढेच’ हाच वादाचा गाभा आहे. वाणिज्य दूतावासाची खिडकी बंद असणे ही प्रशासकीय अडचण, हे कबूल. पण अडचण असती तर पत्रात ‘सध्या व्हिसा मिळणार नाहीत, कार्यक्रम त्याप्रमाणे आखा’ एवढे लिहून भागले असते. पत्रात सहकार्य तोडायला सांगितले होते आणि त्यात नागरिकांचा उल्लेख होता. मंत्र्यांचा खुलासा मी प्रामाणिक मानतो. तरी तो पत्राचा अर्थ लावत नाही, पत्र बदलतो. आणि ज्याच्या हाती पत्र पडले त्या गावच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला पुढच्या हंगामाची आखणी करताना खुलासा आठवेल की ‘विनाअपवाद’ हे शब्द? त्याचे अनुदान त्याच कार्यालयातून येते.

खुलाशाने वाचवले कोणाला, तेही पाहावे. युरोपात ज्याचे नाव झाले आहे, ज्याच्याकडे निवासाची कागदपत्रे किंवा चालू व्हिसा आहे, तो वाजवत राहिला. बामाकोत वडिलांच्या शेजारी बसून शिकलेला, पहिल्याच निमंत्रणाची वाट पाहणारा वादक बाहेर राहिला. उलट्या दिशेची वाटही अरुंद झाली. फ्रान्सच्या मुख्य विमान कंपनीची बामाकोची उड्डाणे ऑगस्ट २०२३ मध्ये थांबली आणि मालीने तिचा परवानाच रोखला. २००९ मध्ये चेलो घेऊन जो प्रवास एका फ्रेंच माणसाने केला, तो त्यामुळे आणखी कठीण झाला, तोही फ्रान्स आपल्या नागरिकांना मालीला जाऊ नका असे बजावत असताना. नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका यापुढेही येत राहतील. नव्या जोड्या जुळायला मात्र दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याच्या गावी जाऊन राहता आले पाहिजे.